हातकताईची लोकर: लडीचा भाव रास्त आहे का?

थंडीच्या तोंडावर हस्तकलेच्या प्रदर्शनांत रंगीत लोकरीच्या लड्या मांडलेल्या दिसतात. 100 ग्रॅमला हजार रुपये ऐकले की हात आखडतो. हा भाव रास्त आहे की फुगवलेला, याचा हिशेब आपला आपल्याला मांडता येतो.

लडी कितीला पडते?
सराईत हातालाही चरख्यावर 100 ग्रॅम मध्यम जाडीचं दुपदरी सूत कातून, पीळ देऊन, धुऊन वाळत घालायला पाच-सहा तास सहज लागतात. टकळीवर त्याहून बरेच जास्त. ताशी अवघे 100 रुपये मजुरी धरली तरी 500 ते 600 झाले. स्वच्छ, विंचरलेल्या मेरिनो मेंढीच्या लोकरीचे 200 ते 300 आणि रंगाईचे 100 ते 150 धरा. म्हणजे नफा न घेताही लडी 800 ते 1050 रुपयांना पडते. तीच लडी कुणी 300 ला देत असेल, तर सूत गिरणीचं असावं किंवा कातणारीची मजुरी बुडालेली असावी.

‘हाताने रंगवलेली’ म्हणजे ‘हाताने कातलेली’ नव्हे. बऱ्याच लड्यांचं सूत गिरणीचंच असतं, फक्त रंग हाताने दिलेला असतो. त्यात वावगं काही नाही, पण कताईचे पैसे त्यात धरायचं कारण नाही.

रंगानुसार फरक
रंग पक्का बसायला लागणारी तुरटी लोकरीच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के पुरते आणि डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग स्वस्तात होतो. मंजिष्ठेच्या लाल रंगाला मात्र मुळांची पूड लोकरीच्या वजनाच्या निम्म्यापासून बरोबरीपर्यंत लागते. गडद निळ्यासाठी लडी निळीत बुडवायची, हवेत धरायची, पुन्हा बुडवायची. त्यामुळे या दोन रंगांना थोडा जास्त भाव द्यायला हरकत नाही.

कुठली लोकर कशाला?
मेरिनोचा तंतू साधारण 24 मायक्रॉनच्या आत असतो, म्हणून तो गळ्याला टोचत नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, घोंगडीची. तिचा स्वेटर अंगाला खाजेल. आसन, पिशवी यांना ती उत्तम. त्यातली काळी लोकर मुळातच तशी असल्याने रंगाईचा खर्चही वाचतो.

किती घ्यावी?
ग्रॅमवर जाऊ नका, मीटर विचारा. मध्यम जाडीच्या 100 ग्रॅम लडीत साधारण 200 मीटर सूत भरतं.
• टोपी: 100 ते 150 मीटर, म्हणजे एक लडी
• गळपट्टा: 200 ते 400 मीटर, एक-दोन लड्या
• मोठ्यांचा स्वेटर: 1000 ते 1200 मीटर, पाच-सहा लड्या

हजाराच्या भावाने स्वेटर पाच-सहा हजारांवर जातो. खर्च आवरायचा तर अंग गिरणीच्या सुतात विणा आणि गळा-खांद्याच्या नक्षीपुरती एकच हातकताईची लडी घ्या. नजर तिथेच जाते. जाडी मात्र जुळवून घ्या.

पैसे देण्यापूर्वी
• ओल्या पांढऱ्या रुमालात धागा चोळा. भरपूर रंग उतरला तर लडी परत ठेवा.
• सुटा तुकडा मागून घरी जाळून बघा. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळून कडक गोळी होते.
• सगळ्या लड्या रंगाच्या एकाच घाण्यातल्या घ्या. तरीही रंगात फरक असेल तर दर दोन ओळींनी लडी बदलत विणा.
• मशीनमध्ये धुतलेली चालेल का, हे विचारा. शंका असेल तर गार पाण्यात रिठ्याने धुवा, पिळू नका, आडवी पसरून सावलीत वाळवा.

पावसाळ्यात कसर लागते. लड्या नीट वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि महिन्याकाठी एकदा उलगडून बघा.