दर्यावरील काही शब्द व त्यांचे अर्थ

कोल्हापूर पडले घाटावरचे. येथील मुलांस पंचगंगेतील नाव ठाऊक, रंकाळ्यातील होडी ठाऊक. समुद्र मात्र पुष्कळांनी पाहिलेला नसतो. तथापि निबंधाची वही उघडावी, तो 'संसारसागर' पहिल्याच ओळीत उसळू लागतो! आमच्या एका विद्यार्थ्याने लिहिले होते, "सुकाणूत वारा भरून नाव वेगाने चालली." वर्गात कोणीच हसले नाही, याचे आम्हांस अधिक वाईट वाटले. म्हणून हा लहानसा पाठ.

वस्तुतः समुद्र आपणांस परका नाही. मालवण इ. स. १८१२ पर्यंत कोल्हापूर राज्यात होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजांस लाकूड हवे, तरी रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, अशी ताकीद त्यात आहे.

जहाजाचे भाग. नावेचे पुढचे टोक ती नाळ व मागचे टोक तो वराम. मध्ये उभी असते ती डोलकाठी. तीस आडवी बांधलेली ती परबाण. परबाणास लाविलेले कापड ते शीड. वारा भरतो तो शिडात. सुकाणू वरामाशी, पाण्यात असते. पाण्याचा रेटा त्यावर बसून नाव वळते. वेग शिडाचा, दिशा सुकाणूची, हे ध्यानात ठेवावे. शेतकऱ्याचा नांगर भुई फोडीत पुढे जातो. खलाशाचा नांगर तळाची भुई धरून जहाजास जागीच ठेवितो. नाळेकडे तोंड करून उभे राहिल्यास डावी बाजू ती 'पोर्ट' व उजवी ती 'स्टारबोर्ड'. रात्री डावीकडे तांबडा व उजवीकडे हिरवा दिवा असतो. त्यावरून समोरच्या जहाजाचा रोख अंधारातही कळतो.

माणसे. नाखवा म्हणजे नावेचा धनी; फारशी 'नाखुदा' शब्दाशी याचे नाते आहे. मोठ्या जहाजावर सारंग हा खलाशांचा मुख्य व तांडेल त्याच्या हाताखालचा. मच्छीमारांच्या होडीवर मात्र तांडेल हाच मुख्य.

जहाजांचे प्रकार. मराठ्यांच्या आरमारात गुराब व गलबत ही मुख्य. गुराबेस दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. गलबत त्याहून लहान. शिडांशिवाय त्यास चाळीस-पन्नास वल्हीही असत, म्हणून वारा पडला तरी ते अडून राहत नसे.

समुद्राचे पाणी. दिवसातून दोनदा पाणी चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास येते ते उधाण. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते-उतरते, तो भांग. कोकणातील लोक तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ अजमासे काढतात. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती. पाऊणकीचा पाढा कंटाळवाणा म्हणणाऱ्यांनी हे अवश्य करून पाहावे.

मापे. दोन्ही हात पसरून होणारी लांबी ती वाव, सुमारे सहा फूट. पाण्याची खोली वावांनी सांगत. सागरी मैल १,८५२ मीटरांचा. तासास एक सागरी मैल हा वेग म्हणजे एक नॉट. नॉट म्हणजे गाठ. पूर्वी गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडून ठराविक वेळात किती गाठी गेल्या, यावरून वेग काढीत.

आता प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय उघडा. मध्यरात्र, तुफान, जहाजावर पौलासह दोनशे शहात्तर माणसे. खलाशी बुडीद, म्हणजे दोरीस बांधलेले वजन, पाण्यात टाकितात: वीस वाव. थोड्या अंतराने पुन्हा टाकितात: पंधरा वाव. 'वाव' शब्द न समजणाऱ्यास हे दोन आकडे मुके आहेत. ज्यास समजतो, त्याच्या छातीत धस्स होते. पाणी उथळ होत आहे, खडक जवळ आहेत! म्हणूनच ते वरामाकडून चार नांगर टाकितात आणि उजाडण्याची वाट पाहतात.

शब्दाचा अर्थ कळणे म्हणजे काय, ते येथे दिसते. मुलांनो, ज्यांच्या घरी कोकणातील आजी-आजोबा असतील त्यांनी आणखी दहा शब्द विचारून आणावे. आम्ही ते फळ्यावर लिहू, आणि आमच्या चुकाही त्यांच्याकडून आनंदाने दुरुस्त करून घेऊ.