महाविद्यालयाचें पहिलें वर्ष

जून महिना लागला कीं, लोणावळ्याच्या स्टेशनावर सकाळच्या लोकलची वाट पाहणाऱ्या गर्दींत आमच्या शाळेचे चार-दोन चेहरे हटकून दिसूं लागतात. गेल्या वर्षापर्यंत ज्यांना गणवेषाबद्दल मीं रागें भरावें, तींच मुलें आतां आपल्या आवडीचा पोशाख करून, पाठीवर नवी बॅग टाकून, पुण्याच्या गाडीकडे डोळे लावून उभीं असतात. मला पाहून कोणी हंसतें, कोणी लाजतें. आणि गाडी आली कीं सर्व दिसेनाशीं होतात.

पुणें तेथून ६४ किलोमीटर. लोकलनें सव्वा-दीड तासांचा रस्ता. परंतु कुसगांवांतील पुष्कळ घरांची अद्यापि अशी स्थिति आहे कीं, महाविद्यालयाच्या फाटकांतून आंत जाणारा त्या घरांतील पहिला माणूस म्हणजे हा मुलगा किंवा ही मुलगीच होय. आमच्याच कुसगांव बुद्रुकच्या शिवारांत अभियांत्रिकीचीं मोठीं विद्यालयें उभीं राहिलीं, त्यांच्या बसगाड्या आपल्या दारावरून जातात. तथापि दारावरून बस जाणें निराळें आणि आपलें मूल त्या बसमध्यें बसणें निराळें.

अशा मुलांना उपदेशाची वाण कधींच पडत नाहीं. मामा सांगतात, पाळकसाहेब सांगतात, शेजारचे पेन्शनर सांगतात : अभ्यास करा, संगत जपा, पैसे उधळूं नका. मीहि अनेक वर्षें तेंच सांगत आलों. परंतु अलीकडे माझें असें मत झालें आहे कीं, आमचीं मुलें पहिल्या वर्षीं आळसामुळें क्वचितच बुडतात. तीं बुडतात तीं न विचारल्यामुळें.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या शाळेचा एक विद्यार्थी, गणितांत चांगला, स्वभावानें अबोल, पुण्यांतील एका महाविद्यालयांत विज्ञानशाखेस दाखल झाला. पहांटे डबा घेऊन तो निघे आणि दिवेलागणीस परत येई. वडिलांस वाटे, मुलगा कॉलेजांत जात आहे. नोव्हेंबरांत उघडकीस आलें कीं, ऑगस्टपासून तो वर्गांत बसलाच नव्हता. शिवाजीनगरला उतरावें, एखाद्या बागेंत बसून डबा खावा आणि परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणजे स्टेशनावर यावें, हा त्याचा क्रम. व्यसन नाहीं, वाईट संगत नाहीं, सिनेमासुद्धां नाहीं. कारण विचारतां एवढेंच निघालें कीं, पहिल्या पंधरवड्यांत प्राध्यापकांनीं त्याला इंग्रजींतून कांहीं प्रश्न केला, तो त्याला समजला नाहीं, आणि मागच्या बाकांवर हंसूं पिकलें. दुसऱ्या दिवसापासून तो सर्वांत मागें बसूं लागला. पुढें पुढें मागचें बाकहि त्याला दूर वाटूं लागलें. हजेरी शेंकडा पाऊणशें भरली नाहीं म्हणून परीक्षेस बसतां आलें नाहीं. त्याची आई माझ्याकडे येऊन म्हणाली, "सर, एकदा तरी कुणाला तरी सांगायचं होतं त्यानं."

खरें सांगावयाचें तर अर्धा दोष आमचा आहे. दहा वर्षें आम्हीं त्याला उत्तरें द्यावयास शिकविलें, प्रश्न विचारावयास शिकविलें नाहीं. शाळेंत मूल दोन दिवस आलें नाहीं तर कोणी ना कोणी घरीं चौकशीस जातें. गृहपाठ राहिला तर वहीवर लाल शेरा पडतो. महाविद्यालयांत एकेका वर्गांत शंभर-सव्वाशें विद्यार्थी. प्राध्यापकांस तुमचें नांव ठाऊक असेलच असें नाहीं. तेथें कोणी रागावत नाहीं, यालाच आमचीं मुलें स्वातंत्र्य समजतात. तें स्वातंत्र्य खरें. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा कीं, तुम्ही बुडत आहां हें तुम्हीं स्वतः सांगितल्यावांचून कोणास कळणार नाहीं.

सर्वांत मोठी अडचण इंग्रजीची, म्हणून तिच्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. मराठी माध्यमांतून गेलेल्या मुलास प्रथम असा भ्रम होतो कीं, येथें सर्वच नवें आहे आणि आपण कांहींच शिकलों नाहीं. वस्तुतः तुम्हांला नववींत शिकविलेली घनता हीच तेथील डेन्सिटी. त्वरण म्हणजेच अ‍ॅक्सिलरेशन. अर्थशास्त्रांतील मागणी व पुरवठा म्हणजेच डिमांड आणि सप्लाय. ज्ञान तुमच्याजवळ आहे, त्याचें तेथील नांव तेवढें ठाऊक नाहीं. यासाठीं एक साधी वही करावी. प्रत्येक विषयाचा उद्यांचा भाग आदल्या रात्रीं चाळावा, त्यांतील पारिभाषिक शब्द डाव्या बाजूस इंग्रजींत व उजव्या बाजूस मराठींत लिहावे. दररोज दहा शब्द. लोकलमध्यें बसावयास जागा मिळाली नाहीं तरी दहा शब्द उभ्यानें पाठ होतात. दिवाळीपर्यंत ही वही भरत आली म्हणजे व्याख्यान ऐकतांना निम्मा शीण कमी झाल्याचें तुमचें तुम्हांलाच जाणवेल. व्याख्यानांतील प्रत्येक वाक्य उतरून घेण्याची धडपड मात्र करूं नये. लिहिणारा हात धांवत असतां ऐकणारें मन मागें राहतें.

आणि मग विचारावें. भर वर्गांत उभें राहून विचारण्याचा धीर नसला तर तास संपल्यावर दाराशीं विचारावें. तेथेंहि गर्दी असली तर प्राध्यापकांच्या खोलींत जावें. इंग्रजी वाक्य जुळत नसेल तर मराठींत विचारावें. पुण्यांतील बहुतेक प्राध्यापक मराठी जाणतात, आणि त्यांतील कित्येक तुमच्यासारख्याच खेड्यांतून आलेले असतात. मात्र "सर, कांहींच समजलें नाहीं" असें म्हणूं नये. "येथपर्यंत समजलें, या ओळीपासून समजलें नाहीं" असें पुस्तकावर बोट ठेवून म्हणावें. पहिल्या वाक्यास शिक्षकाजवळ उत्तर नसतें. दुसऱ्यास असतें, आणि तें देण्यांत त्याला आनंद वाटतो. हें मी शिक्षकाच्या बाजूनें सांगत आहें.

लूकच्या शुभवर्तमानांत आपल्या प्रभूच्या बाळपणाची एकच कथा आली आहे. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरांत मागें राहिला, आणि तीन दिवसांनीं आईबापांस सांपडला तेव्हां तो गुरुजनांमध्यें बसून त्यांचें ऐकत होता व त्यांना प्रश्न विचारीत होता. आपण रविवारच्या शाळेंत ही कथा सांगतांना त्याच्या उत्तरांनीं सर्व थक्क झाले यावर भर देतों. तो विचारीत होता, ही गोष्ट घाईनें मागें टाकतों.

आतां पुण्याकडेच वळूं. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजास मोठी परंपरा आहे. १८२१ सालीं निघालेल्या पाठशाळेपासून वाढलेल्या या संस्थेस १८६४ मध्यें डेक्कन कॉलेज हें नांव मिळालें. आतां तेथें बी. ए. चे वर्ग नाहींत, पदव्युत्तर शिक्षण व संशोधन चालतें. परंतु बाळ गंगाधर टिळक विद्यार्थी असतां ज्या खोलींत राहत, ती तेथें अद्याप जतन केलेली आहे. टिळक १८७३ च्या सुमारास तेथें दाखल झाले, आणि आपली प्रकृति अशक्त आहे हें ओळखून त्यांनीं पहिलें वर्ष बव्हंशीं व्यायाम करून शरीर कमावण्यांत घालविलें. पुढें १८७७ त ते गणित विषय घेऊन पहिल्या वर्गांत बी. ए. झाले. टिळकांचा दाखला देऊन पहिल्या वर्षीं अभ्यास टाळणारे विद्यार्थी मीं पाहिले आहेत. त्यांनीं त्या दाखल्यांतील तालमीचा भाग मात्र उचललेला दिसला नाहीं. त्याच कॉलेजांतील त्यांचे स्नेही गोपाळ गणेश आगरकर यांच्याजवळ अंगावर घालावयास एकच सदरा होता, तो ते रात्रीं धुवून सकाळीं घालीत, ही गोष्ट महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक आहे. वसतिगृहांत दुसऱ्यांचे कपडे व मोबाइल पाहून ज्यांना आपली लाज वाटूं लागते, त्यांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, हेच आगरकर १८९२ मध्यें फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले.

परंतु आमच्या मुलींना मी तिसऱ्या एका विद्यार्थिनीची हकीकत सांगतों, कारण ती टिळक-आगरकरांच्या मानानें फारच थोड्यांना ठाऊक आहे. कॉर्नेलिया सोराबजी ही नाशिक येथें १८६६ सालीं ख्रिस्ती कुटुंबांत जन्मली. तिची आई फ्रान्सिना हिनें पुण्यांत शाळा चालविल्या. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजांत शिरली तेव्हां तेथें दुसरी एकहि विद्यार्थिनी नव्हती. ती वर्गांत येऊं नये म्हणून कांहीं विद्यार्थी तिच्या तोंडावर दार लावून घेत, असें तिनें पुढें सांगितलें आहे. ती रोज येत राहिली, आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली. परीक्षेंत ती अग्रभागीं आली. या गुणांवर विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति मिळावयाची, ती स्त्री म्हणून नाकारली गेली, असें तिचें म्हणणें होतें. तेव्हां तिनें काय केलें? १८८८ मध्यें विलायतेंतील नॅशनल इंडियन असोसिएशन या संस्थेस पत्र लिहून साहाय्य मागितलें. तेथील थोर स्त्रियांनीं तें मनावर घेऊन वर्गणी जमविली. तींत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाहि हात होता. १८८९ त कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजांत दाखल झाली, आणि १८९२ त कायद्याच्या बी. सी. एल. परीक्षेस बसली, ती परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. बंद दारापुढें तिची बुद्धि जेवढी कामास आली, तेवढेंच तें पत्रहि आलें.

आज साहाय्य मागणें पुष्कळ सोपें झालें आहे, तरी तें मागावें लागतेंच. शासनाच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावयाचे असतात. मुदत उलटली म्हणजे हक्काचा पैसा जातो. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रम घेणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत आहे, त्यांची शिकवणी व परीक्षा फी पूर्ण माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनानें घेतला. उत्पन्नाचा दाखला व जातीचा दाखला आधींच वडगांवच्या तहसील कचेरींतून काढून ठेवावा. प्रवेशाच्या धांदलींत तो मिळत नाहीं, हा आमचा अनुभव आहे.

अभ्यासक्रमाची घडीहि आतां बदलली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणें तीन वर्षांनीं पदवी व चार वर्षांनीं ऑनर्स पदवी, आणि मोजमाप क्रेडिटांचें. त्यांस मराठींत श्रेयांक म्हणतात. व्याख्यानांचा एक श्रेयांक म्हणजे पंधरा तासांचें अध्यापन. मुख्य विषयाखेरीज आणखी कोणकोणते विषय घेतां येतात हें पहिल्याच आठवड्यांत महाविद्यालयाच्या कचेरींत विचारावें. मित्रानें घेतला म्हणून विषय घेणारे पुष्कळ. जून-जुलैंतील हा गलथानपणा तीन वर्षें निस्तरावा लागतो.

रॅगिंगविषयीं दोनच वाक्यें. महाराष्ट्रांत १९९९ च्या कायद्यानें तो गुन्हा आहे; विद्यापीठ अनुदान आयोगाची १८००-१८०-५५२२ ही मदतीची दूरध्वनीसेवा आहे. सोसणें हा येथें सद्गुण नव्हे, आणि ज्येष्ठ विद्यार्थ्यांनीं केलेला छळ ही "गंमत" नव्हे.

एक गोष्ट विषयास थोडी सोडून. इतिहासाचा अभ्यास करण्यास गेलेली आमची एक विद्यार्थिनी मला म्हणाली कीं, वर्गांत कार्ल्याच्या चैत्यगृहाची चित्रें दाखवून प्राध्यापकांनीं विचारलें, "येथें कोण जाऊन आलें आहे?" तिनें हात वर केला. एकवीरेच्या दर्शनास ती लहानपणापासून जात होती. परंतु देवळाशेजारचें तें लेणें भारतांतील खडकांत कोरलेल्या चैत्यगृहांत सर्वांत मोठें आहे, त्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपींत दात्यांचीं नांवें आहेत आणि त्या दात्यांत यवनहि आहेत, हें तिनें कधीं पाहिलेंच नव्हतें. पुढच्या रविवारीं ती मुद्दाम गेली, आणि प्रत्येक खांबापुढें उभी राहून आली. खेड्यांतून आलों म्हणून वर्गांत मान खालीं घालणाऱ्यांसाठीं हें लिहिलें. मळवलीला उतरून चालत जातां येतें असें हें विद्यापीठ आपल्या उशाशीं आहे.

पालकांस एक विनंति. मुलगा दिवाळीस घरीं आला म्हणजे "पेपर कसे गेले?" हा प्रश्न पहिल्या दिवशीं करूं नये. त्याला जेवूं घालावें, झोपूं द्यावें, आणि मग "कुठला विषय अवघड जातो?" असें विचारावें. अवघड जाणें हा अपराध नाहीं असें ज्या घरांत वाटतें, त्या घरांतील मूल तें सांगतें. पहिल्या सत्रांत एखाद्या विषयांत नापास होणें ही गोष्ट सध्यां फार सामान्य आहे. तो विषय पुन्हां देतां येतो. जमीन गहाण टाकून शिकवितों, असें मुलापुढें वारंवार बोलूं नये. तें त्याला ठाऊक असतें, आणि म्हणूनच तर तो गप्प बसतो. बागेंत बसून डबा खाणाऱ्या त्या मुलाचे वडील रागीट नव्हते. ते केवळ आशेनें त्याच्याकडे पाहत, आणि ती आशा मोडण्याचा धीर त्याला झाला नाहीं.

तो मुलगा पुढच्या जूनमध्यें पुन्हां पहिल्या वर्षास बसला. वडील पहिल्या दिवशीं स्वतः त्याच्याबरोबर लोकलनें गेले, महाविद्यालयांत जाऊन प्राध्यापकांस भेटले, आणि मुलाला इंग्रजी नीट येत नाहीं हें त्यांनींच मराठींत सांगितलें. प्राध्यापक म्हणाले, मग तास संपल्यावर रोज दहा मिनिटें थांबत जा.