कार्डाला दोन कागद

पौष महिना लागला की संक्रांतीचे वेध लागतात. घरोघरी तीळ निवडायला बसतात. गुळाची ढेप फुटते. गावातल्या माणसांना तिळगूळ हातावर देता येतो. पण दूरच्या माणसांना कसा द्यायचा? पूर्वी त्यासाठी टपालाने पाकिटे जात. पाकिटात एक लहानसे भेटकार्ड आणि चिमूटभर हलवा असे. आता फोनवरून 'गोड बोला' म्हणतात. तेही चांगलेच आहे. पण फोनवरचा निरोप फडताळात जपून ठेवता येत नाही.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येतात. वय पन्नाशीच्या पुढे. गेल्या पावसाळ्यात त्या अक्षरे गिरवायला लागल्या. त्यांची मुलगी दूर सासरी आहे. दोघींचे फोनवर रोज बोलणे होते. पण आईचे अक्षर मुलीने कधी पाहिले नव्हते. म्हणून आम्ही ठरवले, की या संक्रांतीला वर्गातल्या प्रत्येकाने स्वतःच्या हाताने कार्ड करायचे आणि आत चार ओळी लिहायच्या.

कागद आणायचे काम आम्ही अंगावर घेतले. शहरातल्या एका दुकानात हाताने केलेला कागद मिळाला. फार सुंदर कागद. त्यात फुलांच्या पाकळ्या दिसत होत्या, कडा कापडाच्या दशांसारख्या होत्या. आम्ही भुललो आणि पाच ताव घेऊन आलो. दुकानातच त्यावर पेनाने एक रेघ ओढून बघायची, एवढेही आम्हांला सुचले नाही. चाळीस वर्षे शाळेत कागद हाताळलेल्या माणसाला!

मावशींनी कागदाची घडी घातली. आम्ही त्यांना शाईचे पेन दिले. त्यांनी पाटीवर आठ दिवस सराव केला होता. पहिला शब्द लिहिला आणि शाई पसरली. उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखी पसरली. 'चि.' मधला टिंब वाटाण्याएवढा झाला. दुसरी ओळ तर वाचताच येईना.

मावशी कागदाकडे बघत म्हणाल्या, "गुरुजी, राहू दे आता. मी फोनवरच सांगते तिला."

त्यांना वाटले, चूक आपल्या हाताची आहे. ती चूक कागदाची होती, आणि त्याहून जास्त आमची होती. ती कशी झाली आणि पुढे आम्ही काय केले, ते या पाठात सांगतो.

आधी शाई का पसरते ते बघू. कागद म्हणजे बारीक बारीक तंतूंचा थर. चिंध्या, गवत किंवा लाकूड यांचा लगदा करतात. तो पाण्यात कालवतात, चाळणीवर घेतात आणि वाळवतात. असा नुसता वाळवलेला कागद पाणी शोषून घेतो. शाईही शोषतो. टिपकागद असाच असतो. लिहिण्याच्या कागदाला म्हणून खळ द्यावी लागते. आपल्याकडे जुन्नरचा आणि दौलताबादचा कागद एके काळी प्रसिद्ध होता. दौलताबादजवळच्या कागजीपुरा गावाचे तर नावच या धंद्यावरून पडले. तिथले कारागीर कागदाला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत. मग त्यावर बोरूने लिहिले तरी अक्षर फुटत नसे. पुढे हा धंदा मागे पडला. पुण्यात १९४० साली हातकागदाची संस्था निघाली, तेव्हा त्याला पुन्हा उजाळा मिळाला. हातकागद वाईट असतो असे कुणी समजू नये. सुती चिंध्यांचा हातकागद फार चिवट असतो. पण आम्ही आणलेला कागद सजावटीचा होता. तो लिहिण्यासाठी केलेलाच नव्हता.

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. कार्डाची कामे दोन आहेत. बाहेरच्या कागदाने उभे राहायचे, घडी सोसायची, टपालातले धक्के खायचे. आतल्या कागदाने अक्षर धरायचे. ही दोन्ही कामे एकाच कागदाकडून कशाला करून घ्यायची? बैल नांगराला आणि गाय दुधाला. कार्डाला दोन कागद घ्यावेत. बाहेर जाड कागद आणि त्याच्या पोटात लिहिण्याचे पातळ पान.

आता जाड म्हणजे किती? दुकानदार म्हणतो, "हा ऐंशीचा, हा अडीचशेचा." हे ग्रॅम असतात. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद ताव घेतला, तर त्याचे वजन तितके ग्रॅम भरते. हे घरीही तपासता येते. झेरॉक्सच्या दुकानात जो कागद असतो त्याला ए-फोर म्हणतात. तो २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब असतो. असे १६ कागद शेजारी शेजारी मांडले, की जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर होतो. म्हणून १६ कागद वाण्याच्या काट्यावर ठेवा. ८० ग्रॅम भरले तर कागद ८० चा. त्याच मापाचे १६ जाड कागद पाव किलो भरले तर तो २५० चा. आमच्या वर्गातल्या मंडळींना हे फार आवडले. दोन दिवस वाण्याच्या दुकानात कागदच तोलणे चालले होते.

बाहेरच्या अंगाला २०० ते २५० ग्रॅमचा कागद बरा. १५० च्या खालचे कार्ड मान टाकते, उभे राहत नाही. ३०० च्या वरचा कागद दुमडताना हट्ट करतो.

दुमडण्याचीही एक खूण आहे. बांबू उभा सरळ चिरतो, आडवा चिरत नाही. यंत्रावर केलेल्या कागदाचे तसेच असते. त्याचे बहुतेक तंतू एकाच दिशेने पडलेले असतात. मोठे वर्तमानपत्र वरून खाली फाडून बघा. बहुधा सरळ फाटेल. आडवे फाडा, वेडेवाकडे फाटेल. कार्डाची घडी तंतूंच्या दिशेने घातली तर ती नीट बसते. तंतूंना आडवी घातली तर जाड कागद घडीवर तडकतो. दिशा ओळखण्यासाठी कागद न मोडता हलकेच वाकवावा. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. ज्या बाजूने तो मुकाट्याने वाकतो, त्या बाजूने घडी घालावी. हातकागदाला मात्र अशी ठळक दिशा नसते. तो कुठूनही दुमडला तरी चालतो.

घडीच्या जागी आधी पट्टी ठेवून रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यावी. मग दुमडावे.

जाड कागद विकतच घ्यायला हवा असे नाही. प्रत्येक घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो. त्यांची कोरी बाजू कार्डाला छान चालते. काही बायांनी हरकत घेतली. पत्रिकेवर गणपती असतो, त्याला कात्री कशी लावायची? आम्ही म्हटले, गणपतीचा भाग वेगळा काढून देवापाशी ठेवा आणि उरलेला घ्या. वाद तिथेच मिटला. साबणाच्या किंवा बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा मात्र आम्ही घेऊन पाहिला आणि सोडून दिला. त्याच्यावरचा चकचकीत थर घडीवर फुटतो आणि खालचा मळकट लगदा दिसतो. पतंगाचा रंगीत कागद सजावटीला चांगला, पण त्याला ओली खळ लागली की तो रंग सोडतो. एका गड्याने लाल पतंगाचा सूर्य चिकटवला. सूर्याबरोबर सगळे आभाळच लाल झाले.

आतल्या पानासाठी ८० ते १०० ग्रॅमचा साधा पांढरा कागद पुरे. चकचकीत कागद नको, त्यावर शाई लवकर वाळत नाही आणि हात लागला की पुसते. वर्तमानपत्राच्या जातीचा कोरा कागद स्वस्त मिळतो, तोही नको. हा कागद लाकूड दळून करतात. लाकडातला एक अंश त्यात राहतो आणि उजेडाने पिवळा पडतो. खरे वाटत नसेल तर वर्तमानपत्राचा तुकडा घ्या. अर्धा पुस्तकाखाली झाका, अर्धा उन्हात राहू द्या. आठ दिवसांनी पुस्तक उचला. मुलीने दहा वर्षांनी कार्ड उघडले तर आईचे अक्षर पिवळ्या कागदावर दिसावे का?

आणि घेण्याआधी कोपऱ्यावर पेनाने एक अक्षर लिहून बघावे. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्यावे.

आतले पान कार्डापेक्षा सगळीकडून तीन-चार मिलिमीटर लहान कापावे, म्हणजे कडेने डोकावत नाही. चिकटवताना सगळ्या पानाला खळ फासू नये. ओला झालेला कागद फुगतो आणि वाळताना आकसतो. मग सगळे कार्ड पापडासारखे वाकते. घडीच्या कडेने खळीची एक बारीक रेघ पुरते. वर एक जाड पुस्तक ठेवून रात्रभर राहू द्यावे.

यात एक सोय आमच्या ध्यानात उशिरा आली. पान वेगळे असते, म्हणून आधी लिहावे आणि मग चिकटवावे. चुकले तर पान बदलता येते, कार्ड वाया जात नाही. मावशींना हे सांगितले तेव्हा त्या पुन्हा पेन धरायला तयार झाल्या. त्यांनी तीन पाने खराब केली. चौथे त्यांच्या मनासारखे झाले. त्यात त्यांनी काय लिहिले ते आम्ही वाचले नाही. पाकळ्यांचा तो शोषरा कागदही फुकट गेला नाही. तो दुहेरी चिकटवून जाड केला आणि बाहेरच्या अंगाला वापरला.

राहिली टपालाची गोष्ट. टपालात पत्राचे वजन २० ग्रॅमच्या टप्प्याने मोजतात. अडीचशेचा ए-फोर कागद एकदाच दुमडून मोठे कार्ड केले, तर तेच साडेपंधरा ग्रॅम भरते. आतले पान पाच ग्रॅम. पाकिटाआधीच वीस ओलांडले. ए-फोर मधोमध कापून अर्ध्याचे कार्ड केले, तर बाहेरचा कागद आठ ग्रॅमच्या आत येतो आणि पान अडीच ग्रॅम. पाकीट धरून चौदा-पंधरा होतात. बहुतेक ए-फोर कागदांत तंतू लांबीच्या बाजूने असतात. असा कागद अर्धा कापून दुमडला, की घडीही आपोआप तंतूंच्या दिशेने येते.

मावशींना पाकिटात तिळगूळ घालायचा होता. आम्ही नको म्हटले. तिळाला तेल सुटते, गूळ पाझरतो आणि कागदावर डाग पडतात. त्यांना ते पटेना. मग त्यांनी एक वडी कागदात गुंडाळून रात्रभर ठेवली. सकाळी कागद उलगडून आमच्यापुढे धरला. कागदातून पलीकडचे दिसत होते.

"हलवाच घालते," त्या म्हणाल्या.

साखरेचा काटेरी हलवा त्यांनी लहान पुडीत बांधला आणि पाकीट वाण्याच्या काट्यावर ठेवले. १८ ग्रॅम भरले. मावशींनी पुडी उघडली, हलव्याचे आणखी दोन दाणे आत टाकले आणि मग पाकीट बंद केले.