पुस्तिकेतला पहिला शिक्का

नागपूर,
कोजागिरी पौर्णिमा

चि. बाळ यास,

दसऱ्याच्या दिवशी तू नवी मोटारसायकल घेऊन दारात उभा राहिलास, मामीने हँडलला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवले, आणि दीक्षाभूमीकडे लोटलेल्या जनसागरामुळे पुढचे रस्ते बंद असल्याने तू दोन तास आमच्याकडेच थांबलास. परंतु सोने द्यावयास येणाऱ्यांची वर्दळ इतकी होती की जे तुला सांगावयाचे होते ते सांगण्यास निवांतपणा म्हणून लाभला नाही. तुझ्या पहिल्या मिळकतीतून घेतलेली ती पहिली वस्तू. तिच्याविषयीचे बोलणे फोनवर घाईघाईने उरकावे असे मला वाटेना, म्हणून आज सवडीने लिहावयास बसलो आहे.

प्रथम एक साधा हिशेब मांडतो. तू महालातून बुटीबोरीच्या कारखान्यात जातोस, म्हणजे जाऊन-येऊन दिवसाचे साठ किलोमीटर सहज होतात; या गतीने कामाच्या नवव्या दिवशी तुझ्या गाडीचा काटा ५०० च्या पलीकडे गेलेला असेल. पहिल्या सर्व्हिसची मुदत दोन मापांनी बांधलेली असते, एक अंतराचे आणि दुसरे दिवसांचे, आणि त्यांपैकी जे आधी पुरे होईल ते प्रमाण, ही त्यातली मुख्य शर्त होय. साधारणपणे ५०० ते १००० किलोमीटर आणि तीस ते साठ दिवस अशा मर्यादा आढळतात. तुझ्या गाडीच्या नेमक्या मर्यादा तुझ्या पुस्तिकेत छापलेल्या आहेत आणि शोरूममधील विक्रेत्याने तोंडी काय सांगितले याहून तो छापील मजकूरच ग्राह्य. तुझ्या बाबतीत किलोमीटर आधी भरतील. आमच्या शेजारच्या गृहस्थांचे नेमके उलट झाले. घर ते कचेरी एवढेच त्यांचे जाणे-येणे, काटा २०० वरही पोचला नव्हता, म्हणून ते निर्धास्त राहिले आणि दिवसांची मुदत मात्र गुपचूप टळून गेली.

पहिल्या सर्व्हिसला इतके महत्त्व का, हे कळल्यावाचून ती पाळण्याची आस्था मनात उपजणार नाही, यास्तव थोडे इंजिनाच्या पोटात शिरू. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच एकमेकींना छेदणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा मुद्दाम ओढलेल्या असतात. हाताला ती भिंत गुळगुळीत लागली तरी सूक्ष्मदृष्ट्या ती खडबडीत असते, आणि पिस्टनच्या कड्या तिच्यावर घासत घासत पहिल्या काही शे किलोमीटरांत परस्परांशी जुळून बसतात. हे जुळणे नीट झाले तर इंजिन पुढे वर्षानुवर्षे दाब धरते. न झाले तर ते तेल पिऊ लागते आणि ॲव्हरेज उतरते. या घर्षणात धातूचे जे बारीक कण सुटतात ते सारे ऑइलमध्ये मिसळतात, आणि म्हणूनच पुढच्या ऑइलबदलांना हजारो किलोमीटरांची मुभा असली तरी पहिला बदल इतक्या लवकर करावा लागतो. तुझ्या आजोबांच्या राजदूतचे इंजिन टू-स्ट्रोक असल्याने तिच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून घालावे लागे, आणि नवी असताना ते मिश्रण चुकले तर पिस्टन जागीच धरी. तुझ्या गाडीला तो धाक उरलेला नाही, पण म्हणूनच दुर्लक्षाचे फळ तत्काळ न दिसता दोन-तीन वर्षांनी दिसते.

याचा व्यवहारात अर्थ असा की, हे पहिले दिवस थ्रॉटल शेवटपर्यंत पिळू नये, हे तर खरेच, परंतु वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटत, धडधडत चालवू नये हेही तितकेच खरे. आणि वर्धा रोडसारख्या सरळ रस्त्यावर अर्धा तास एकाच वेगाने जाणे हेदेखील नव्या इंजिनास हितकर नव्हे. वेग थोडा वाढवावा, थोडा उतरवावा, गिअर बदलीत राहावे. नवे टायरही आरंभी निसरडे असतात आणि ब्रेकही पुरते बसलेले नसतात, तेव्हा पहिले शे-दोनशे किलोमीटर वळणावर गाडी झुकवू नकोस. रामटेकला किंवा अदाशाला मित्रांसह जाण्याचा तुझा बेत कानी आला आहे. तो पहिल्या सर्व्हिसनंतरच्या रविवारी ठेव.

सर्व्हिसला गेल्यावर कूपन देऊनही बिल हाती पडेल, त्याने चकित होऊ नकोस. मोफत असते ती मजुरी. ऑइल आणि लागलेल्या किरकोळ वस्तूंचे दाम आपल्याला द्यावे लागतात, हा सार्वत्रिक रिवाज आहे. मात्र कोणते ऑइल भरले ते बिलावर लिहिलेले असले पाहिजे आणि ते पुस्तिकेतील दर्जाशी जुळले पाहिजे. मोटारीत चालणारे उत्तमोत्तम ऑइलही आपल्या कामाचे नाही, कारण बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलात बुडालेले असतात, आणि मोटारीच्या ऑइलातील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी क्लच घसरू लागतो. चेनचा ताण, क्लचच्या केबलचा सैलपणा, नट-बोल्टांची पकड, टॅपेट, हे सर्व पाहून घेतले काय, असे नम्रतेने पण नेमके विचारावे. जमल्यास तिथे उभे राहावे.

आता वॉरंटीविषयी. तिला आपल्याकडे सरसकट गॅरंटी म्हणतात आणि कंपनीने गिऱ्हाइकावर केलेला तो उपकार आहे अशा भावनेने लोक तिच्याकडे पाहतात. वस्तुतः तो एक करार आहे, त्याची किंमत गाडीच्या किमतीतच तू मोजलेली आहेस, आणि करार म्हटला की त्यात आपल्या बाजूचीही कलमे आली. आपल्या बाजूचे पहिले कलम हेच की ठरल्या मुदतीत, अधिकृत वर्कशॉपमध्ये, प्रत्येक सर्व्हिस करून घ्यावी आणि पुस्तिकेत तारीख, किलोमीटर व शिक्का यांची नोंद करून घ्यावी. पहिलाच शिक्का चुकला तर पुढच्या प्रत्येक मागणीच्या वेळी समोरच्यास बोट ठेवावयास जागा मिळते. ब्रेक-शू, क्लच-प्लेट, बल्ब, रबरी भाग अशा झिजणाऱ्या वस्तू सहसा हमीत येत नाहीत. टायर आणि बॅटरी यांची हमी त्यांच्या त्यांच्या उत्पादकांची असते, म्हणून त्यांची कार्डे व क्रमांक आजच बिलासोबत जपून ठेव.

माझ्यावर गुदरलेला प्रसंग तुला ठाऊक नाही. तू लहान असताना मी एक नवी मोटारसायकल घेतली होती. आठव्या महिन्यात तिच्या तिसऱ्या गिअरमध्ये बारीक घरघर सुरू झाली. लागोपाठ तीन सर्व्हिसांना मी तिथल्या सुपरवायझरला ते सांगितले. प्रत्येक वेळी त्याने गाडी फिरवून आणली आणि ‘नवी गाडी आहे जी, चालता चालता आवाज जाईल’ असे आश्वासन दिले. मी विश्वास ठेवला. दोन वर्षांची हमी सरली, आणि पंचविसाव्या महिन्यात रामटेकहून परतताना मनसरजवळ गिअरबॉक्स जाम झाला. इंजिन उघडले तेव्हा बेअरिंग फुटलेले आणि गिअरचे दाते उडालेले निघाले. दोष जुना, हमीच्या काळातला, हे माझे म्हणणे. त्यावर मला विचारण्यात आले की मुदतीत तक्रार केल्याचा दाखला कोठे आहे. मी तिन्ही जॉब कार्डे काढली. तिन्हींवर ‘जनरल सर्व्हिस’ एवढेच शब्द होते, आणि खाली माझी सही होती. तुझ्या ताईच्या शिक्षणाकरिता बाजूला ठेवलेल्या रकमेतून तो खर्च मी भागविला, आणि त्याची टोचणी अजून गेलेली नाही.

म्हणून तुला आग्रहाने सांगतो, तोंडी तक्रार ही तक्रारच नव्हे. कोणत्या गिअरमध्ये, किती वेगास, थंड इंजिनावर की तापल्यावर, कसला आवाज येतो, हे तुझ्या शब्दांत जॉब कार्डावर लिहवून घे, ते वाचल्यावाचून सही करू नकोस, आणि त्याची नक्कल घेतल्यावाचून वर्कशॉप सोडू नकोस. दोष पुन्हा उद्भवला तर पुन्हा तीच नोंद करवून घ्यावी.

इतके करूनही दाद न मिळाली तर कायदा आपल्या बाजूस आहे, आणि तो सहजासहजी आलेला नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य आरंभिले, तेव्हा गिऱ्हाइकास स्वतंत्र न्यायपीठ असावे ही कल्पनाच पुष्कळांना नवी होती. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर आला, आणि सांप्रत २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आहे. त्या अन्वये तक्रारदार जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे फिर्याद करता येते, वकील दिलाच पाहिजे असे नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी. परंतु गाडीत मूळचाच दोष आहे हे म्हणणे पुराव्याने शाबीत करावे लागते. आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो, तथापि दोष केव्हापासून होता हे सांगण्यास तुझ्या जॉब कार्डांइतका बोलका साक्षीदार दुसरा नाही.

एक गोष्ट मात्र तुला कदाचित रुचणार नाही. मोठा हॉर्न आणि जादा दिवे बसविण्याची तुझी इच्छा त्या दिवशी मी ऐकली. त्यासाठी मूळच्या वायरिंगला कोठेही काप दिलास तर विजेच्या संबंधातील सारी हमी धोक्यात येते. हमी सरेपर्यंत तरी हा मोह आवर.

शनिवारी तुला सुट्टी आहे आणि तोवर काटा ४०० च्या आसपास असेल. सर्व्हिसची वेळ आजच फोन करून मागून घे. दसऱ्याच्या मुहूर्तावर निघालेल्या साऱ्या गाड्या येत्या पंधरवड्यात एकदमच तिथे लोटतील. पुस्तिकेतील मर्यादा ५०० पासून सुरू होत असेल तर सोमवार-मंगळवारचा दिवस माग, आणि मला कळव. मी सकाळी नऊला वर्कशॉपच्या दारात येऊन थांबतो.

तुझ्या आईच्या हाती एक वही पाठवीत आहे. दसऱ्याला गाडी दारात असताना मी काट्यावरचा आकडा पाहून ठेवला होता; तारखेसह तो पहिल्या पानावर लिहिला आहे. पुढची ओळ तू लिही.

तुझा,
मामा