काजू कारखान्यात शून्य कचरा : आधी वजनकाटा, मग पाकीट

वेंगुर्ला, चंदगड, आजरा या पट्ट्यात काजू बीवर प्रक्रिया करणाऱ्या लहान उद्योजकांसाठी हे टिपण आहे. यात क्रमाला महत्त्व आहे. आधी खर्च वाचवणारी कामे करा, मग उत्पन्न देणारी. ग्राहकाला सांगण्याची आणि प्रमाणपत्राची पायरी सर्वांत शेवटी.

१. वजनवही उघडा. एक लॉट निवडून बी भरताना, कापणीनंतर, ड्रायरमधून काढल्यावर आणि ग्रेडिंगनंतर वजन लिहा. १०० किलो बीमधून साधारण २५ ते २८ किलो गर मिळतो, बाकी बहुतांश टरफल. घट ओलाव्यामुळे झाली की सांडलवंडीमुळे, हे वहीवरूनच कळेल.

२. वाया गेलेल्या मालाची खरी किंमत काढा. आयएसओ १४०५१ या मानकात यासाठी एक हिशेबपद्धत दिली आहे. तिच्यानुसार कचऱ्यावर कच्च्या मालाच्या किमतीबरोबरच त्याच्यासाठी लागलेली वीज, इंधन आणि मजुरीही चढवतात. आकडा पाहिल्यावर कोणते काम आधी हाती घ्यायचे ते आपोआप ठरते.

३. गराची फूट कमी करा. माझ्या मते सर्वांत जास्त पैसा इथेच अडकलेला असतो. अख्खा गर आणि पाकळी यांच्या भावात किलोमागे ८० रुपयांचा फरक आहे, असे धरू. रोज २०० किलो गर निघत असेल आणि फूट १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली, तर रोज १० किलो गर अख्खा राहतो. म्हणजे दिवसाला ८०० रुपये आणि २५ दिवसांच्या महिन्यात २०,००० रुपये. त्यासाठी नवे यंत्र घेण्याची घाई नको. वाफ देण्यापूर्वी बीची आकारवारी होते का, वाफेनंतर बी पुरेशी निवते का, कटरच्या पात्यांना धार आहे का, ड्रायरमध्ये गर फाजील वाळतो का, हे याच क्रमाने तपासा. एका वेळी एकच बदल करा आणि त्याचा परिणाम वहीत नोंदवा.

४. टरफलाला गिऱ्हाईक शोधा. टरफलातले तेल हाताला लागले की कातडी सोलवटते, आणि कच्चे टरफल जाळले की त्याचा झोंबरा धूर शेजाऱ्यांच्या घरात शिरतो. हेच तेल रंग, रेझिन आणि वाहनांच्या ब्रेक लायनिंगसाठी लागते. टरफल कोरडे आणि वेगळे साठवा, भाव दोन-तीन तेलगिरण्यांकडून घ्या. तेल काढून उरलेली पेंड बॉयलरला इंधन म्हणून चालते. स्वतःचा एक्स्पेलर मात्र पुरेसे टरफल असेल तरच परवडतो. लहान कारखान्यांनी तो एकत्र येऊन बसवावा.

५. बोंडाचा विचार नंतर करा. ते लवकर नासते आणि बहुधा बागेतच राहते. गोव्यात त्यावर फेणीचा व्यवसाय उभा आहे. आपल्याकडे सरबताचा पर्याय आहे, पण तो हंगामी आणि वेगळा धंदा समजूनच करावा.

६. पाकिटात घाई करू नका. हवा-ओलावा आत शिरला की काजू खवट होतो, आणि फेकून दिलेला काजू हा प्लास्टिकपेक्षा मोठा अपव्यय आहे. घाऊक दुकानदारांना परतीच्या डब्यांतून माल द्या. किरकोळ विक्रीसाठी एकाच प्रकारच्या प्लास्टिकचे पाऊच मिळतात का ते पाहा, पण आधी काही पाकिटे पूर्ण टिकवणकाळ ठेवून तपासा.

७. आता ग्राहकाशी बोला. भ्रामक पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. नुसते ‘पर्यावरणपूरक’ लिहून भागत नाही. दावा उत्पादनाबद्दल आहे, प्रक्रियेबद्दल की पाकिटाबद्दल, हे सांगावे लागते आणि पुरावाही ठेवावा लागतो. ‘आमच्या कारखान्यातले सर्व टरफल तेलासाठी जाते’ हे वाक्य विक्रीच्या पावत्यांनी सिद्ध करता येते. बोंड बागेत कुजत असेल तर ‘शून्य कचरा’ लिहू नका. जागरूक ग्राहक नेमका तोच प्रश्न विचारतो. त्याने जास्त भाव दिला तर उत्तमच, पण आपला हिशेब त्यावाचूनही जुळला पाहिजे.

८. शेवटी प्रमाणपत्र. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या ‘झेड’ योजनेत कांस्य, रौप्य आणि सुवर्ण असे तीन स्तर आहेत. २०२२ च्या सुधारित रचनेत प्रमाणन शुल्कावर सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के अनुदान ठेवले आहे. अर्जापूर्वी पोर्टलवरचे चालू नियम वाचा आणि वजनवही जवळ ठेवूनच अर्ज भरा.