गीतरामायणाच्या तबकड्या

चैत्रांत सप्तशृंग गडाची यात्रा सुरू झाली, कीं आपल्या वणी गांवांतून जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गर्दींत कोठून तरी गीतरामायणाचे सूर कानीं पडतात. अशाच एका दिवशीं वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, हीं गाणीं पहिल्यानें कोणीं गाइलीं?" "सुधीर फडके यांनीं," असें आम्हीं तत्काळ सांगून टाकलें. घरीं येऊन शोध करतां आमचें उत्तर अर्धेंच खरें असल्याचें आढळलें. उरलेलें अर्धें उत्तर आज आम्ही येथें देत आहों.

गीतरामायण हें मुळांत तबकडीसाठीं रचलेलें नव्हे. पुण्याचें आकाशवाणी केंद्र सन १९५३ मध्यें सुरू झालें. तेथील अधिकारी सीताकांत लाड यांनीं आपले स्नेही ग. दि. माडगूळकर यांस श्रोत्यांसाठीं कांहीं तरी दीर्घ रचना लिहिण्याविषयीं सुचविलें. त्यांतून ही कल्पना निघाली. गीतें माडगूळकरांचीं व चाली सुधीर फडके यांच्या. दोघांचाही जन्म सन १९१९ मधला. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, पहिलें गीत प्रक्षेपित झालें. मग दर आठवड्यास एक नवें गीत, असा वर्षभराचा क्रम ठरला. वर्षाच्या हिशेबानें गीतें बावन्न व्हावयाचीं. परंतु त्या वर्षीं अधिक मास आल्यामुळें पुढल्या रामनवमीपर्यंत तीं ५६ झालीं.

पहिल्या गीताची एक हकीकत प्रसिद्ध आहे. माडगूळकरांनीं लिहून दिलेला कागद ऐन ध्वनिमुद्रणाच्या दिवशीं हरवला. वेळ तर टळणारी नव्हती. तेव्हां लाड यांनीं कवीस एका खोलींत बसविलें, आणि त्यांनीं तें गीत पुन्हां लिहून काढलें, असें सांगतात. कागद गेला, पण काव्य गेलें नाहीं. हें लक्षांत ठेवा. पुढें आपणांस त्याचा उपयोग आहे.

आतां आमच्या चुकीकडे वळूं. मूळ प्रक्षेपणांत रामाचीं गीतें फडके यांनीं गाइलीं हें खरें. परंतु इतर पात्रांसाठीं निरनिराळे गायक होते. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, मालती पांडे, ललिता फडके अशीं किती तरी नांवें त्यांत आढळतात. एखाद्या नाटकांत असावीं तशीं पात्रें आपापल्या कंठानें बोलत होतीं.

पुढें फडके सभागृहांतून सर्व पात्रांचीं गीतें एकटेच गाऊं लागले, आणि हिज मास्टर्स व्हॉइसनें काढलेल्या तबकड्याही त्यांच्याच आवाजांत निघाल्या. येथें यंत्राचाही थोडा विचार केला पाहिजे. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूस जेमतेम तीन-चार मिनिटांचें गाणें मावे. गीतरामायणांतील बहुतेक गीतें याहून मोठीं. तीं तोडून द्यावीं लागलीं असतीं. सन १९४८ मध्यें अमेरिकेंत मिनिटास सवातेहतीस फेऱ्यांहून किंचित् अधिक वेगानें फिरणारी, बारीक खांचांची तबकडी निघाली. तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वेळ गाणें चाले. अशा दीर्घवादन तबकड्यांमुळें गीतें न तोडतां घरोघर नेतां आलीं. तबकड्यांनंतर तेंच गायन फितीवर आलें. सन १९८२ मध्यें जपानांत प्रथम विक्रीस आलेली, प्रकाशकिरणानें वाचली जाणारी चकती आपल्याकडे रुळली, तेव्हां तें चकतीवरही आलें. आणि आज तें दूरध्वनीच्या खिशांतल्या यंत्रांत आहे.

प्रत्येक वेळीं वेष्टण नवें, गायन तेंच. म्हणूनच तुमचे आजोबा, वडील व तुम्ही एकाच आवाजाचे श्रोते झालांत. हा लाभ लहान नव्हे. परंतु जो आवाज पुनःपुन्हां निघाला तोच लोकांच्या स्मरणांत राहिला, आणि जे पहिल्या वर्षीं गाऊन गेले त्यांचीं नांवें मागें पडलीं. आपल्या नाशिकची पंचवटी घ्या. सुवर्णमृगासाठीं सीतेनें धरलेला हट्ट त्याच भूमीवरचा. तो स्त्रीकंठांतून ऐकणें निराळें, आणि फडक्यांच्या कंठांतून ऐकणें निराळें. पहिल्यांत सीता स्वतः बोलते. दुसऱ्यांत एखाद्या कथेकऱ्यानें सीतेचें मन आपणांस उलगडून दाखवावें तसें वाटतें. यांत एक खरें व दुसरें खोटें, असें मात्र नाहीं.

हरवलेला कागद कवीच्या स्मरणानें भरून निघाला. हरवलेला आवाज मात्र स्मरणानें भरून निघत नाहीं. तो कोणी तरी जपून ठेवावाच लागतो. म्हणून पालकांस आमची विनंती आहे, कीं घरांतील जुन्या तबकड्या व फिती भंगारांत देण्यापूर्वीं त्यांवरील नांवें एकदां वाचावीं. आणि मुलांनो, तुम्ही घरांतील वडीलधाऱ्यांस विचारा, कीं रेडिओवर कोणाचा आवाज ऐकल्याचें त्यांस आठवतें? तें वहींत लिहून आणा.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गांत आपली चूक सांगितली व वरील नांवें फळ्यावर लिहिलीं. तास संपल्यावर फळा पुसण्याची पाळी ज्याची होती, त्या मुलानें तीं आधीं आपल्या वहींत उतरून घेतलीं.