सायलेन्सरची गळती : घरच्या घरी दुरुस्ती

छात्रांनो, गिअरच्या मोटारसायकलचा परवाना 18 वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. पण तिची देखभाल शिकायला तेवढे थांबायचे कारण नाही. सुटीत घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन हे काम करून पाहा.

गळती कशी ओळखावी?
इंजिनाजवळ कोरडा ‘फट्-फट्’ आवाज येतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये बार उडतात, कारण फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेले पेट्रोल तिथे पेटते. जोडाभोवती काजळी दिसते. खात्री करण्यासाठी इंजिन थंड असताना जोडावर साबणाचे पाणी लावा आणि मोकळ्या जागेत गाडी सुरू करा. फुगे येतील तिथे गळती. पाईप झपाट्याने तापतो. अर्ध्या मिनिटात इंजिन बंद करा.

दुर्लक्ष का करू नये?
गळणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणून बंद शेडमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये. शिवाय बीएस-6 गाड्यांच्या पाईपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याच्या आधी गळती असेल तर त्याला हवा जास्त दिसते, मग इंजिनाला जादा पेट्रोल मिळते आणि अ‍ॅव्हरेज घटते.

दुरुस्तीचा क्रम
बहुतेक वेळा दोष हेड आणि बेंड पाईप यांमधल्या गॅस्केटचा असतो.
1. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गाडी मेन स्टँडवर लावा.
2. हेडजवळच्या नटांवर गंज सोडवणारे तेल टाकून थोडा वेळ थांबा. नट अडला तर जोर लावू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधला स्टड तुटला तर खर्च कितीतरी वाढतो.
3. सेन्सरची वायर असल्यास आधी सोडवा. मग नट आणि मागचा बोल्ट काढून पाईप अलगद उतरवा.
4. जुनी गॅस्केट काढा, बैठक तारेच्या ब्रशने साफ करा. जुनी गॅस्केट दाबली गेलेली असते. ती परत वापरू नका.
5. नवी गॅस्केट बसवून सर्व नट-बोल्ट हातानेच लावा. आधी हेडचे दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, मागचा बोल्ट शेवटी. किती आवळायचे ते गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे.

पाईपलाच चीर असेल तर साधी एम-सील उष्णतेपुढे टिकत नाही, वेल्डिंगवाल्याकडेच जावे.

शेवटी साबणाच्या पाण्याची चाचणी पुन्हा घ्या. पाईपवर सांडलेले तेल जळून सुरुवातीला थोडा धूर येईल, घाबरू नका. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर नट एकदा तपासा. तपासणी झाल्याशिवाय काम पूर्ण झाले असे म्हणू नये.